विम्बल्डनच्या हिरवळीवर : लीला राव

प्रास्ताविक

टेनिस हा खेळ आज आपल्या परिचयाचा झाला आहे. दूरचित्रवाणीमुळे विम्बल्डनचे सामने घराघरांत पाहिले जातात. २०१५ साली सानिया मिर्झा यांनी मार्टिना हिंगिस यांच्या साथीने विम्बल्डनमधील महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा साऱ्या देशाला आनंद झाला. या विजयाच्या ८१ वर्षे आधी मुंबईच्या एका तरुणीने त्याच स्पर्धेत भारतीय महिलांच्या यशाचे पहिले पान लिहिले होते. त्या तरुणीचे नाव लीला राव. मैदानावर नाव मिळवणाऱ्या लीलाबाईंनी पुढे नृत्यावर ग्रंथ लिहिले आणि संस्कृत भाषेत नाटकेही लिहिली. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा व त्यांना घडवणाऱ्या घराचा परिचय करून दिला आहे.

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• लीला राव यांच्या खेळातील व साहित्यातील कार्याची माहिती सांगू शकाल;
• घरातील संस्कार आणि व्यक्तीचे कर्तृत्व यांतील संबंध स्पष्ट करू शकाल;
• खेळाशी संबंधित मराठी शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी झाला. त्या मुंबईच्या. वडील डॉ. राघवेंद्र राव हे नामांकित वैद्य व संशोधक होते. रोगजंतूंचा अभ्यास हा त्यांच्या संशोधनाचा विषय असून कुष्ठरोगासंबंधीही त्यांनी काम केले होते. आई क्षमाबाई या पुढे पंडिता क्षमा राव या नावाने संस्कृत साहित्यात प्रसिद्धीस आल्या. लीलाबाईंच्या आयुष्यात खेळ आणि साहित्य असे दोन प्रवाह दिसतात. या दोन्ही प्रवाहांचा उगम आईपाशी आहे. म्हणून लीलाबाईंची कथा सांगताना प्रथम त्यांच्या आईची कथा सांगावी लागते.

क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे मूळचे कोकणातील बांबुळी गावचे. एकोणिसाव्या शतकातील थोर संस्कृत पंडितांत त्यांची गणना होते. कालिदासाच्या ग्रंथांच्या आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या, अथर्ववेदाचे सायणभाष्यासह संपादन केले आणि तुकोबांच्या गाथेच्या संपादनातही मोलाचा वाटा उचलला. पोरबंदर संस्थानाचे प्रशासक म्हणूनही त्यांनी काम पाहिले. १८९४ साली त्यांचे निधन झाले. क्षमाबाईंचा जन्म ४ जुलै १८९० चा. म्हणजे वडील गेले तेव्हा त्या चार वर्षांच्याही नव्हत्या. ज्ञानाचा एवढा मोठा वारसा घरात होता. परंतु तो शिकवणारा हात मात्र लहानपणीच सुटला.

नातलगांच्या आधाराने क्षमाबाईंचे बालपण गेले. त्या काळी मुलींचे शिक्षण ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. तशाही स्थितीत त्यांनी अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेतले. पुढे डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी विवाह झाला आणि संसार सुरू झाला. अनेक स्त्रियांच्या बाबतीत शिक्षणाची वाट येथेच संपत असे. क्षमाबाईंनी ती संपू दिली नाही. संसार सांभाळताना त्यांनी जाणत्या पंडितांकडे संस्कृतचे अध्ययन चालू ठेवले. आरंभी त्या इंग्रजीत लिहीत. पुढे गांधीजींच्या चळवळीने त्यांचे मन भारावले आणि आपल्या देशाच्या लढ्याची कथा संस्कृतमध्ये सांगावी, असे त्यांना वाटू लागले. त्यातून 'सत्याग्रहगीता' हे अठरा अध्यायांचे काव्य जन्माला आले. परकीय राजवटीत असे काव्य भारतात छापणे जोखमीचे होते. म्हणून ते १९३२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी वडिलांच्या पायाशी बसून संस्कृतचा एकही धडा घेतला नसेल, त्या मुलीने त्यांची भाषा अशा रीतीने आपलीशी केली.

याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. संस्कृतचे अध्ययन आणि टेनिसचे मैदान या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, यावर त्या काळी कोणाचा विश्वास बसला नसता. परंतु लीलाबाईंना तो चमत्कार वाटण्याचे कारण नव्हते. ग्रंथ आणि रॅकेट ही दोन्ही त्यांनी आईच्याच हाती पाहिली होती.

लीलाबाईंचे यश समजून घेण्यासाठी त्या काळचे टेनिस कसे होते, हे पाहिले पाहिजे. आज वापरात असलेल्या स्वरूपातील टेनिस १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झाले. लंडनच्या विम्बल्डन भागातील स्पर्धा १८७७ साली सुरू झाली. मात्र पहिल्या वर्षी ती केवळ पुरुषांसाठी होती. महिलांची एकेरी १८८४ साली, तर महिला दुहेरी व मिश्र दुहेरी १९१३ साली या स्पर्धेत दाखल झाली. एकेरीत प्रत्येक बाजूला एकच खेळाडू असतो. दुहेरीत दोघी मिळून एका बाजूने खेळतात. मैदानाची लांबी ७८ फूट असते. एकेरीसाठी त्याची २७ फूट रुंदी वापरली जाते, तर दुहेरीसाठी दोन्ही कडांच्या पट्ट्या धरून ३६ फूट. दुहेरीत केवळ स्वतःचा फटका चांगला असून भागत नाही. सोबतीण पुढे धावली की मागची जागा आपण राखायची, तिच्या हातून चेंडू निसटला तर तो आपण अडवायचा. एकीची उणीव दुसरीने भरून काढावी, हेच त्या खेळाचे मर्म होय.

इंग्रजांबरोबर हा खेळ भारतात आला. प्रारंभी तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जिमखान्यांपुरता आणि संस्थानिकांच्या वाड्यांपुरता मर्यादित होता. हळूहळू शहरांतील सुशिक्षित भारतीय कुटुंबे तो खेळू लागली. आज भिलाईसारख्या पोलादनगरीत कामगाराच्या मुलीने रॅकेट हाती धरली, तर कोणाला नवल वाटणार नाही. १९३० च्या सुमारास मात्र चारचौघांसमोर मैदानात धावणारी भारतीय मुलगी हे दृश्य विरळच होते. टेनिसचा पोशाख, रॅकेट, प्रवास या साऱ्याला पैसा लागे. लीलाबाई सुस्थितीतील घरात जन्मल्या, हे त्यांचे भाग्य खरे. परंतु सुस्थितीतील घरेही त्या काळी मुलींना मैदानावर पाठवीत नसत. राव दांपत्याने आपल्या मुलीला ती मोकळीक दिली. या घराचे वेगळेपण त्यातच होते.

लीलाबाईंनी या संधीचे चीज केले. १९३१ साली त्यांनी अखिल भारतीय टेनिस स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद पटकावले. त्या वेळी त्या अवघ्या एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. देशातील सर्वोच्च स्पर्धा जिंकल्यानंतर त्यांनी फ्रान्स व इंग्लंडमधील स्पर्धांत भाग घेण्यास सुरुवात केली. अशा प्रकारे त्यांच्यापुढे विम्बल्डनचे दार उघडले.

विम्बल्डनमध्ये खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नव्हेत. तो मान जेनी सँडिसन यांच्याकडे जातो. त्या १९२९ साली या स्पर्धेत उतरल्या होत्या. परंतु तेथे सामना जिंकणे अजून कोणाही भारतीय महिलेला साधले नव्हते. १९३४ सालची स्पर्धा २५ जून रोजी सुरू झाली. लीलाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पहिल्या फेरीत त्यांची गाठ ग्लॅडिस साउथवेल यांच्याशी पडली.

सामन्याची सुरुवात मनासारखी झाली नाही. पहिला सेट साउथवेल यांनी ६-४ असा जिंकला. महिलांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजयी होते. म्हणजे दुसरा सेट गमावताच लीलाबाईंचे आव्हान संपणार होते. या सेटमध्ये दोघींनी एकमेकींना तोडीस तोड उत्तर दिले. सेट जिंकण्यासाठी किमान सहा गेम जिंकावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा दोन गेमांची आघाडी असावी लागते. आज दोघी ६-६ अशा बरोबरीत आल्या की टाय-ब्रेक खेळून सेटचा निकाल लावतात. ही पद्धत विम्बल्डनमध्ये १९७१ साली आली. त्यापूर्वी दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावे लागे. त्या दिवशी ५-५ अशी बरोबरी झाली, मग ६-६ झाली, ७-७ झाली आणि ८-८ सुद्धा झाली. या प्रत्येक बरोबरीच्या वेळी साउथवेल विजयापासून केवळ दोन गेम दूर होत्या. लीलाबाईंनी एकदाही त्यांना ती आघाडी मिळू दिली नाही. ८-८ नंतर लीलाबाईंनी सलग दोन गेम जिंकले आणि सेट १०-८ असा आपल्या नावावर केला.

या सेटने सामन्याचे पारडे फिरले. तिसऱ्या सेटमध्ये लीलाबाईंनी प्रतिस्पर्ध्याला डोके वर काढू दिले नाही. हा सेट त्यांनी ६-२ असा सहज जिंकला. सामन्यात एकूण ३६ गेम खेळले गेले. त्यांपैकी २० लीलाबाईंनी, तर १६ साउथवेल यांनी जिंकले. अशा रीतीने विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून लीला राव यांच्या नावाची नोंद झाली.

हा विजय कोणत्या काळात मिळाला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९३० साली दांडी येथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्यानंतरच्या चळवळीत हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले होते. १९३४ च्या वसंतात गांधीजींनी सविनय कायदेभंगाची चळवळ मागे घेतली, तेव्हा देशाच्या मनात एक प्रकारची खिन्नता होती. पारतंत्र्यातील देशाची एक मुलगी राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच हिरवळीवर जिंकली होती. या विजयाने राज्य हलले नाही, कायदा बदलला नाही. परंतु भारतीय स्त्री दुबळी आहे, हा समज खोटा ठरवण्यास असे छोटे विजयही उपयोगी पडतात. आईने सत्याग्रहाचे काव्य रचले, मुलीने मैदानावर आपले सामर्थ्य दाखवले. दोघींचे मार्ग भिन्न होते, एवढेच.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडमॉफ यांनी लीलाबाईंचा सरळ सेटमध्ये पराभव केला. लीलाबाईंची त्या वर्षीची वाटचाल तेथेच थांबली. स्पर्धा पुढे चालू राहिली. महिला एकेरीचे विजेतेपद इंग्लंडच्या डोरोथी राउंड यांनी मिळवले. महिला दुहेरीत अमेरिकेच्या एलिझाबेथ रायन आणि फ्रान्सच्या सिमोन मॅथ्यू यांची जोडी विजयी ठरली. रायन यांचे वय त्या वेळी ४२ वर्षांचे होते आणि विम्बल्डनमधील महिला दुहेरीचे हे त्यांचे बारावे विजेतेपद होते. विशेष म्हणजे विम्बल्डनची एकेरी त्यांना एकदाही जिंकता आली नाही. सोबतिणीला साथ देण्याची कला ज्यांनी आत्मसात केली, त्यांचे नाव एकेरीच्या विजेतेपदाशिवायही टेनिसच्या इतिहासात अजरामर झाले. लीलाबाईंनी ज्या स्पर्धेत पाऊल ठेवले, तिची उंची अशी होती. तेथे एक फेरी जिंकणे हे देखील लहान काम नव्हते.

पुढच्या वर्षी, १९३५ साली, लीलाबाई पुन्हा विम्बल्डनमध्ये उतरल्या. या वेळी पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर इंग्लंडच्या एव्हलिन डिअरमन होत्या. डिअरमन यांनी त्याच वर्षी नॅन्सी लाइल यांच्या साथीने ऑस्ट्रेलियातील अजिंक्यपद स्पर्धेची महिला दुहेरी जिंकली होती. या सामन्यात लीलाबाई पराभूत झाल्या. यश आणि अपयश अशी एका वर्षाच्या अंतराने त्यांच्या वाट्याला आली.

पराभवानंतर काही खेळाडू मैदानाकडे पाठ फिरवतात. लीलाबाईंनी तसे केले नाही. मायदेशी त्यांनी पुन्हा विजयाची मालिका सुरू केली. १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी अखिल भारतीय स्पर्धेची महिला एकेरी जिंकली. त्यानंतर १९४०, १९४१ आणि १९४३ सालीही हे विजेतेपद त्यांच्याकडे आले. १९३१ सालचे पहिले यश धरून त्यांनी एकूण सात वेळा हा मान मिळवला. पहिल्या आणि सातव्या विजयात बारा वर्षांचे अंतर आहे. एवढा दीर्घ काळ शरीर चपळ आणि मन एकाग्र ठेवणे, यासाठी किती नियमित सराव करावा लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९४३ साली लीलाबाईंचा विवाह हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. दयाल हे सनदी अधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी देशाच्या परराष्ट्र सेवेत महत्त्वाची पदे भूषवली. सिक्कीममध्ये ते भारताचे राजकीय अधिकारी होते. ५ डिसेंबर १९५० रोजी भारत आणि सिक्कीम यांच्यात झालेल्या करारावर भारताच्या वतीने त्यांनीच स्वाक्षरी केली. पुढे नेपाळमध्ये ते भारताचे राजदूत झाले. १९६४ साली एव्हरेस्टच्या परिसरात पदभ्रमण करीत असताना त्यांचे निधन झाले.

विवाहानंतर लीला राव या लीला राव दयाल झाल्या. त्यांचे मैदानावरील पर्व संपले, पण शिकण्याची हौस संपली नाही. आता त्यांचे लक्ष नृत्याकडे वळले. भारतीय नृत्यातील मुद्रा, पदन्यास आणि अंगविक्षेप यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९४८ साली त्यांचा 'नृत्तमंजरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५१ साली मणिपुरी नृत्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रकाशित झाले. पूर्वी आपली परंपरागत नृत्ये गुरूकडून शिष्याकडे पाहून आणि करून दिली जात. ती शब्दांत उतरवणे कठीण काम असते. पाऊल कोणत्या क्षणी कोठे पडते, तोल कसा सांभाळला जातो, हे ज्याला स्वतःच्या शरीराने ठाऊक असते, त्यालाच ते नेमके सांगता येते. टेनिसच्या मैदानावर वर्षानुवर्षे पावलांची शिस्त पाळलेल्या लीलाबाईंना ही दृष्टी लाभली असल्यास नवल नाही.

दरम्यान क्षमाबाईंचे लेखन बहरत गेले होते. सत्याग्रहाच्या पुढील काळावर त्यांनी 'उत्तरसत्याग्रहगीता' लिहिली. वडिलांचे चरित्र त्यांनी 'शंकरजीवनाख्यानम्' या काव्यात सांगितले. बालविधवांची दुःखे, खेड्यांतील लोकांचे साधे जीवन असे विषय घेऊन त्यांनी संस्कृतमध्ये कथा लिहिल्या. मीराबाई, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर या संतांना त्यांनी आपल्या काव्याचे विषय केले. ज्या तुकोबांची गाथा वडिलांनी निगुतीने संपादित केली, त्या तुकोबांचे चरित्र मुलीने संस्कृतात गायले. २२ एप्रिल १९५४ रोजी क्षमाबाईंचे निधन झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वावरील त्यांचे 'स्वराज्यविजय' हे काव्य त्यांच्या पश्चात, १९६२ साली प्रकाशित झाले.

आईच्या माघारी हे धन कपाटात पडून राहू नये, याची काळजी लीलाबाईंनी घेतली. संस्कृत काव्य वाचणारे वाचक थोडे असतात. नाटक मात्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचते. आईच्या कथा आणि काव्ये यांचा आधार घेऊन लीलाबाईंनी संस्कृतमध्ये नाटके लिहिली. 'बालविधवा', 'गणेशचतुर्थी', 'होलिकोत्सव' ही त्यांपैकी काही नाटके होत. आईने वर्णिलेल्या संतांच्या चरित्रांवरही त्यांनी नाट्यलेखन केले. त्याशिवाय 'जयन्तु कुमाउनीयाः' या नाटकात त्यांनी कुमाऊँच्या शूर सैनिकांचा गौरव केला. आधुनिक काळात संस्कृत नाटके लिहिणाऱ्या लेखिका मोजक्याच आहेत. त्यांत लीलाबाईंचे नाव आदराने घेतले जाते.

लीलाबाईंच्या जीवनाकडे पाहिले, की एका गोष्टीचा वारंवार प्रत्यय येतो. आजोबांचे ज्ञान आईने प्रयत्नपूर्वक पुन्हा मिळवले आणि आईचे साहित्य मुलीने पुढे नेले. दुहेरीच्या खेळात जशी एकीची सुटलेली जागा दुसरी राखते, तशीच या घराची रीत होती. क्षमाबाईंचे शिक्षण परिस्थितीमुळे सलग झाले नाही; परंतु शिकण्याचे वय सरले, असे त्यांनी मानले नाही. लीलाबाईंनीही मैदानावरील कीर्तीवर समाधान मानले नाही. तिशी उलटल्यावर त्या ग्रंथकर्त्या झाल्या.

लीलाबाईंनी दाखवलेल्या वाटेवर पुढे अनेक जणी चालल्या. १९५२ साली रीटा दावर यांनी विम्बल्डनमध्ये मुलींच्या एकेरीची अंतिम फेरी गाठली. १९७० च्या सुमारास मुंबईच्या निरुपमा मांकड यांनी भारतीय महिला टेनिस गाजवले. २००५ साली सानिया मिर्झा यांनी विम्बल्डनच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. त्यांचाही जन्म मुंबईचाच. ११ जुलै २०१५ रोजी सानिया आणि स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिस महिला दुहेरीच्या अंतिम सामन्यात रशियाच्या एकातेरिना माकारोवा व एलेना वेस्निना यांच्याविरुद्ध उभ्या होत्या. पहिला सेट त्यांनी ५-७ असा गमावला. दुसरा सेट टाय-ब्रेकपर्यंत गेला. तो त्यांनी ७-६ असा खेचून आणला. तिसऱ्या सेटमध्ये त्या २-५ अशा मागे पडल्या होत्या. तेथून त्यांनी तो ७-५ असा जिंकला. विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान सानिया यांना मिळाला.

या दोन सामन्यांत ८१ वर्षांचे अंतर आहे. एक पहिल्या फेरीचा, दुसरा अंतिम फेरीचा. एक एकेरीचा, दुसरा दुहेरीचा. एक पारतंत्र्यातला, दुसरा स्वतंत्र भारतातला. तरीही दोन्ही सामन्यांत पहिला सेट हातचा गेला होता, दुसऱ्या सेटमध्ये पराभव समोर दिसत होता आणि दोन्ही वेळा भारतीय महिलेने त्या क्षणी माघार घेतली नाही. १९३४ साली लीलाबाई दुसऱ्याच फेरीत हरल्या, म्हणून त्यांचा विजय लहान ठरत नाही. पहिले पाऊल नेहमीच थोडे अंतर कापते. परंतु त्याच्याशिवाय पुढची पावले पडत नाहीत.

शब्दार्थ

जोखमीचे – धोक्याचे
सिद्ध करणे – तयार करणे
तोडीस तोड – बरोबरीचे
खिन्नता – उदासपणा
सनदी अधिकारी – शासनाच्या उच्च सेवेतील अधिकारी
पदन्यास – नृत्यातील पावले टाकण्याची पद्धत
अंगविक्षेप – शरीराच्या अवयवांची लयबद्ध हालचाल
निगुतीने – काळजीपूर्वक, नीटनेटकेपणाने

वाक्प्रचार

संधीचे चीज करणे – मिळालेल्या संधीचा चांगला उपयोग करणे
पारडे फिरणे – परिस्थिती उलट होणे
पाठ फिरवणे – सोडून जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विम्बल्डनमध्ये महिला दुहेरी कोणत्या वर्षी सुरू झाली?
(आ) 'सत्याग्रहगीता' भारताबाहेर का छापावी लागली?
(इ) लीला राव यांनी अखिल भारतीय स्पर्धेची महिला एकेरी किती वेळा जिंकली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) साउथवेल यांच्याविरुद्धच्या सामन्यातील दुसरा सेट महत्त्वाचा का ठरला?
(आ) क्षमाबाईंनी विवाहानंतर आपले शिक्षण कसे चालू ठेवले?
(इ) लीलाबाईंनी आईच्या साहित्याची जपणूक कशी केली?

३. राव कुटुंबातील आई आणि मुलगी यांना दुहेरीच्या जोडीची उपमा का दिली आहे? आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
संधीचे चीज करणे, पारडे फिरणे, पाठ फिरवणे.

५. उपक्रम : शिक्षणात खंड पडूनही पुढे शिकत राहिलेल्या आपल्या परिचयातील एखाद्या व्यक्तीशी बोला. तिच्या अनुभवांवर दहा ओळी लिहा.